बेस्ट बीच कोणता? आधी महिना सांग!

परवा शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी पळायच्या घाईत असताना टीममधला एक पोरगा खुर्ची ढकलत ढकलत माझ्या टेबलापाशी आला. सहा महिन्यांपूर्वीच लग्न झालंय त्याचं. म्हणाला, "अरे, तू श्रीलंकेला दोनदा जाऊन आलायस ना? तिथला बेस्ट बीच कोणता ते सांग. एकच नाव सांग. आज रात्रीच बुकिंग करतोय, ऑफर संपतेय."

मी विचारलं, "जाणार कधी?"

"ते ठरेल रे. दिवाळीला जोडून रजा मिळेल बहुतेक. तू बीच सांग."

मी नाव सांगितलं नाही. उलट "आधी महिना नक्की कर, मग बोलू" असं म्हणालो. गडी जरा नाराज झाला. साधी एक गोष्ट विचारली तर हा रिक्वायरमेंट गॅदरिंग करत बसला, असं काहीसं पुटपुटत खुर्ची ढकलत परत गेला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा शनिवारचा प्रपंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. श्रीलंकेत 'बेस्ट बीच' नावाची वस्तूच नाही. असतो तो अमुक महिन्यातला, अमुक माणसांसाठीचा बीच. आपण मात्र सगळा क्रम उलटा लावतो. आधी कुणाचा तरी फोटो बघतो, मग ऑफर बघतो, मग मॅनेजरकडे रजा मागतो. ज्या समुद्रासाठी एवढा खटाटोप, त्याला कुणी विचारतच नाही की बाबा रे, तुला तेव्हा वेळ आहे का? :-)

आता कुणी म्हणेल, हा कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणार? मान्य. पण हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालेलं नाही. एका मित्राच्या जिवावर बेतलं होतं, तेव्हा मिळालं.

आधी थोडा भूगोल. (घाबरू नका, नकाशा भरायला सांगणार नाही.)

श्रीलंका म्हणजे साधारण ६५,६१० चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा. पण चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे किनारा तेराशे किलोमीटरच्या वर. आपण शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून पाठ केला होता. म्हणजे एवढ्याशा बेटाला आपल्या जवळजवळ दुप्पट किनारा. आणि बेटाच्या पोटात, थोडे दक्षिणेकडे, डोंगर. त्यातला सगळ्यात उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे डोंगर चांगलाच दांडगा आहे.

सगळी गंमत या डोंगरात आहे. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे येतात, तेच आपल्याला पाऊस देणारे. ते बेटाच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात, डोंगर चढताना पाऊस पाडतात आणि पलीकडे उतरतात तोवर कोरडे ठणठणीत झालेले असतात. पूर्वेकडच्या लोकांनी या गरम वाऱ्याला नावही दिलंय, कच्चान. मग डिसेंबर ते फेब्रुवारी वारे ईशान्येकडून येतात आणि पारडं फिरतं. पूर्व किनाऱ्यावर पाऊस नि खवळलेलं पाणी, आणि दक्षिण-पश्चिम किनारा शांत.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं, तेव्हा माण-खटावची माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. तोच हा प्रकार. फरक एवढाच, की श्रीलंकेच्या माण-खटावला समुद्रकिनारा आहे!

म्हणजे एकाच देशात, एकाच दिवशी, एका बाजूचा समुद्र तुम्हाला मांडीवर घेऊन खेळवतो आणि दुसऱ्या बाजूचा उचलून आपटतो. मधे अंतर किती? गाडीने एका दिवसाचं.

हे सगळं मला २०२३ च्या जुलैत माहीत नव्हतं.

तेव्हा आम्ही पाच जण होतो. सगळे एकाच बॅचचे, सगळे आयटीतले, सगळे एका लांबलेल्या रिलीजमधून नुकतेच सुटलेले. जुलैत विमानाची तिकिटं स्वस्त दिसली. आता कळतं की ती स्वस्त का होती, पण तेव्हा आम्ही स्वतःला फार हुशार समजलो. कुणीतरी हिक्कडुवाचा फोटो पाठवला. निळंशार पाणी, माड, पाण्यात कासव. रेटिंग बघितलं, झकास होतं. झालं! बुकिंग.

इथे एक थांबा. रोज सर्व्हरचे आकडे बघणारी आम्ही पोरं. सरासरी रिस्पॉन्स टाईम चांगला दिसला म्हणून खूश होणाऱ्या ज्युनियरला आम्हीच झापतो, की बाबा, सोमवारी सकाळी दहाला काय होतं ते बघ. आणि इथे आम्ही बाराही महिन्यांच्या लोकांनी मिळून दिलेलं रेटिंग बघून जुलैची खोली बुक केली. सरासरी खोली तीन फूट म्हणून नदीत उतरणाऱ्या माणसाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तो माणूस आपणच आहोत हे पाणी छातीला लागेपर्यंत कळत नाही.

तिथे पोचलो तर पाऊस नव्हताच! छान ऊन. अधूनमधून एखादी सर. त्यामुळे आम्ही आणखी खूश, लोक उगाच मान्सून मान्सून करतात म्हणून. समुद्र मात्र फोटोतला नव्हता. पाणी मातकट हिरवं, लाटा एकामागून एक येऊन दाणदाण फुटत होत्या. वाळूत लाल झेंडा लावलेला होता. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. आणि सगळ्यांनी असं समजून घेतलं की तो इतरांसाठी आहे.

आमचा एक मित्र, त्याला आपण पक्या म्हणू. पक्या पट्टीचा पोहणारा. कॉलेजात मेडल वगैरे. पण टँकमधलं. तो छातीएवढ्या पाण्यात गेला आणि दोन मिनिटांत आम्हाला त्याचं फक्त डोकं दिसायला लागलं. मग ते डोकं लहान होत गेलं. तो किनाऱ्याकडे हात मारत होता आणि उलटा आत जात होता. आम्ही चौघं किनाऱ्यावर उभे राहून ओरडत होतो. दुसरं काहीही करता येत नव्हतं. तिथलाच एक सर्फिंगवाला पोरगा, असेल वीस-एकवीस वर्षांचा, फळी घेऊन आत गेला. सरळ पक्याकडे नाही, जरा बाजूने वळसा घालून गेला. फळीवर आडवा टाकून, पुन्हा वळसा घालून, बऱ्याच पलीकडे त्याला बाहेर घेऊन आला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. मला विचाराल तर अख्खा रिलीज त्यापेक्षा लवकर संपला होता.

त्या पोराने पैसे घेतले नाहीत. झेंड्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेला. पक्या वाळूत बसून नुसता थरथरत होता. त्या रात्री कुणीही बिअर मागवली नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की काय झालं होतं. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून ओतत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. आपल्या कोकणात याला सरळ 'ओढ' म्हणतात. "आज पाण्याला ओढ आहे, जाऊ नको." फसवणूक अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा सगळ्यात शांत दिसते! आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ही ओढ खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहायला गेलं की माणूस दमतो, आणि दमला की बुडतो. सुटायचं असेल तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्ट्याच्या बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर परत यायचं. ते जमत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. तो पोरगा वळसा घालून का गेला, ते असं उशिरा कळलं.

हे काही परदेशातलंच नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली. त्यानंतर महिनाभर सगळे हळहळले आणि पुढच्या सीझनला पुन्हा तेच. समुद्र आपल्याला अजूनही मोठा स्विमिंग टँकच वाटतो.

असो. तर त्या ट्रिपनंतर मी ठरवलं की 'कोणता बीच' हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी तीन प्रश्न.

पहिला प्रश्न: महिना कोणता?

आपल्या आयटीवाल्यांच्या रजा कधी पडतात ते आपण जाणतोच. म्हणून तसाच हिशोब मांडतो.

डिसेंबरअखेर क्लायंटकडे शटडाऊन असतो, तेव्हा ते मार्चपर्यंत: दक्षिण आणि पश्चिम किनारा. बेंतोटा, हिक्कडुवा, उनावाटुना, वेलिगामा, मिरिस्सा. हाच हिक्कडुवा जानेवारीत बघितला तर ओळखू येणार नाही. नाताळच्या आठवड्यात भाव मात्र अंगावर येतात. जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा धरलात तर जरा बरं.

एप्रिल: वारे बदलायचा काळ. दोन्ही बाजूंचा समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. १३-१४ एप्रिलच्या सुमारास सिंहली आणि तमिळ लोकांचं नववर्ष, तेव्हा बरंच बंद असतं हे लक्षात ठेवायचं.

मे ते सप्टेंबर, म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्ट्या, १५ ऑगस्टचा लाँग वीकेंड वगैरे: पूर्व किनारा. त्रिंकोमालीजवळचे उप्पुवेली आणि निलावेली, खाली पासिकुडा, आणखी खाली अरुगम बे.

आणि आता आपली लाडकी दिवाळी! ऑक्टोबर-नोव्हेंबर. वारे पुन्हा बदलतात, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि बेटावर जवळजवळ सगळीकडे पाऊस पडतो. चक्रीवादळांचा काळही हाच. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळात पूर आणि दरडींनी श्रीलंकेत शेकडो माणसं गेली. दरवर्षी असं होत नाही हे खरं. पण समुद्रासाठी म्हणून जायचं असेल तर वर्षातले सगळ्यात वाईट दोन महिने नेमके तेच, जेव्हा आपल्याला रजा मिळते. त्यात काही करता येत नाही. वाऱ्याला आपलं लीव्ह कॅलेंडर दिसत नाही.

दुसरा प्रश्न: बरोबर कोण आहे, आणि पाण्यात नक्की काय करायचंय?

हा प्रश्न आपण विचारतच नाही, कारण फोटोत पाण्याची खोली दिसत नाही. सर्फिंग शिकायचं असेल तर वेलिगामा. रुंद उपसागर, वाळूचा तळ, लाटा नवशिक्यांना झेपतील अशा. आधीच येत असेल तर मे-जून ते सप्टेंबर अरुगम बे. जगभरचे सर्फर तिथे उगाच जात नाहीत, तिथे लाट लांबलचक मिळते. पण ज्या लाटेसाठी सर्फर जातो, तीच लाट पोहता न येणाऱ्याला नको असते. 'भारी बीच' म्हणून दोघांनाही तिथे पाठवणं म्हणजे ट्रेकरला आणि गुडघेदुखीवाल्या आजोबांना एकाच गडावर पाठवण्यासारखं आहे.

तांगल्लेचा किनारा दिसायला अप्रतिम, गर्दी कमी. पण पाणी एकदम खोल होतं, ओढही असते. बसून बघायला उत्तम. निळे देवमासे बघायचे तर डिसेंबर ते एप्रिल मिरिस्सा, कारण तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या बराच जवळ येतो. पतंग बांधून पाण्यावर धावायचं वेड असेल तर वायव्येचं कलपिटिया, तिथे मेपासून ऑक्टोबरपर्यंत वारा थांबत नाही. म्हणजे बघा, ज्या वाऱ्याने पक्याला जवळजवळ नेलं होतं, त्याच वाऱ्यासाठी लोक मुद्दाम पैसे खर्चून तिथे येतात. वारा चांगला नसतो की वाईट नसतो. तुम्ही कशासाठी आलात त्यावर आहे.

आणि बरोबर आईवडील किंवा लहान मुलं असतील, कुणाला पोहता येत नसेल, तर उन्हाळ्यात पासिकुडा किंवा हिवाळ्यात उनावाटुनासारखा आडोशाचा उपसागर. तिथेही झेंडा बघूनच.

तिसरा प्रश्न: गाडीत किती तास बसणार?

विमानतळ पश्चिमेला, कोलंबोच्या उत्तरेला निगोंबोजवळ. तिथून दक्षिण किनारा सोपा, गॉलपर्यंत एक्स्प्रेसवे आहे. पूर्वेला मात्र सहा-सात तास धरा. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये जाऊन-येऊन दोन दिवस रस्त्यात गेले तर उपयोग काय? म्हणून ऑगस्टमध्ये चारच दिवस असतील तर मी म्हणेन की समुद्र सोडा, कँडी करा. 'पूर्व किनारा चांगला आहे' हे खरं असलं तरी तो तुमच्या रजेत बसतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली की बीचचं नाव आपोआप निघतं. निवडावं लागतच नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आईबाबांना घेऊन गेलो. त्यांचा पहिला पासपोर्ट. बाबा साताऱ्याकडचे, त्यांना समुद्राचं फारसं कौतुक नाही. आईचं माहेर मात्र राजापूरजवळ, अगदी समुद्राच्या कडेला. लहानपणापासून गाज ऐकत वाढलेली. तिच्या तोंडून समुद्राच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की मी गृहीतच धरलं होतं, हिला पोहता येत असणार. तिकिटं काढल्यावर सहज विचारलं.

"पोहता? छे रे! मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाही. बायका कुठे जायच्या? रापण ओढायला जायच्या त्या कोळणी. आम्ही आपलं वाळूत उभं राहून बघायचं."

अठ्ठावन्न वर्षांची बाई. समुद्राच्या कुशीत जन्मलेली. आणि समुद्रात कधी उतरलीच नाही.

मग ठिकाण निवडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ऑगस्ट, पोहता न येणारी दोन माणसं, हाताशी नऊ दिवस. पासिकुडा. मधे दांबुल्लाला एक मुक्काम टाकला म्हणजे बाबांच्या पाठीला त्रास नको.

पासिकुडाचा उपसागर अर्धगोल आहे आणि बाहेरच्या बाजूला प्रवाळ, त्यामुळे मोठी लाट आत येतच नाही. बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेएवढंच. भरती-ओहोटीचाही आपल्यासारखा तमाशा नाही. मुंबईला मोठ्या भरतीला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, श्रीलंकेत मीटरभरही पडत नाही. सकाळी जिथे उभे होतात, संध्याकाळीही साधारण तिथेच उभं राहता येतं.

पहिल्या दिवशी आई काठावरच बसली. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला (दहानंतर तो कच्चान वारा भाजून काढतो) पंजाबी ड्रेस घालून बाबांचा हात धरून निघाली. गुडघे झाले, मांड्या झाल्या, कंबर झाली. मग तिने हात सोडला आणि सरळ खाली बसली, गळ्यापर्यंत पाण्यात. काही बोलली नाही. बराच वेळ बसून होती. बाबा शेजारी उभे, काय करावं न कळून, चष्मा हातात धरून. बाहेर आल्यावर म्हणाली, "खारट आहे रे फार." एवढंच.

नाश्त्याला इडिअप्पम आणि नारळाचं दूध आलं तेव्हा मात्र तोंड उघडलं. "अगो बाई, ह्या तर शिरवळ्या!" मग तिथल्या स्वयंपाकघरातल्या तमिळ बाईशी खुणांनी गप्पा. बाबांची सोय वेगळीच झाली. त्या बाजूला शाकाहारी खानावळीला 'सैव कडै' म्हणतात, म्हणजे शैवांचं दुकान. एकदा हा शब्द कळल्यावर बाबा गाडीतून पाट्या वाचायला लागले. तमिळ एक अक्षर येत नसताना!

मला एक गोष्ट राहून राहून वाटते. पहिल्या ट्रिपचा फोटो बघून मी यांना जुलै-ऑगस्टमध्ये हिक्कडुवाला नेलं असतं, तर? काही वाईट घडलं नसतंही. फार तर आई चार दिवस वाळूत खुर्ची टाकून बसली असती, माहेरी बसायची तशी. आणि "छान होता हो समुद्र" म्हणून परत आली असती. मला कळलंही नसतं की काय राहिलं.

आता आक्षेप. पक्याच म्हणतो (हो, तो अजून पोहतो, पण आता आधी काठावर पाच मिनिटं उभा राहून पाणी बघतो), की तू सुट्टीचाही स्प्रिंट प्लॅन केलास, मजा काय राहिली? मला वाटतं, मजा पुढच्या गोष्टी न ठरवण्यात आहे. कुठे जेवायचं, किती झोपायचं, कुठला रस्ता चुकायचा, हे मोकळं सोडा. पण वारा कुठून वाहणार हे ठरलेलंच असतं, ते बघितल्याने कुठली मजा जाते?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एका ओळखीच्याने विचारलं, "पूर्व किनाऱ्यावर एवढं सगळं झालं, तिथे मजा करायला जावं का?" प्रश्न खरा आहे. १९८३ ते २००९ यादवी युद्ध, त्यात पूर्व आणि उत्तर भाग होरपळला. मधेच २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. सगळ्या देशात तीस हजारांहून जास्त माणसं गेली, आणि पूर्व किनाऱ्याला सर्वांत मोठा तडाखा बसला. दक्षिणही सुटली नाही. हिक्कडुवाजवळ पेरालियाला लाटेने आख्खी रेल्वेगाडी उचलली, त्यात हजाराहून जास्त लोक गेले. आम्ही पक्याच्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी तिथल्या स्मारकाशी गेलो होतो. कुणीच फोटो काढला नाही. पासिकुडाची बहुतेक हॉटेलं युद्ध संपल्यानंतरची. जिथे आज रिसॉर्टच्या खुर्च्या मांडल्यात, त्या वाळूवर कोळ्यांचा वावर होता, आणि आता ते एका कडेला सरकलेत, हे डोळ्यांना दिसतं.

माझं मत असं की जावं, पण डोळे उघडे ठेवून. मोठ्या हॉटेलात राहिलात तरी एक वेळ बाहेर, गावातल्या खानावळीत जेवा. होडी त्या गावातल्या माणसाची घ्या. त्रिंकोजवळच्या पिजन आयलंडला गेलात तर प्रवाळावर पाय देऊ नका, ते दगड नाहीत, जिवंत आहेत. मिरिस्साला देवमाशाच्या अंगावर होडी घालणाऱ्या नावाड्याला "आणखी जवळ घे" म्हणू नका. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्सप्रेस पर्ल जहाज जळालं तेव्हा प्लॅस्टिकच्या गोळ्यांचा खच पश्चिम किनाऱ्यावर आला होता. किनारा टिकाऊ वस्तू नाही, एवढं समजलं तरी पुष्कळ.

आणि महिन्यानुसार किनारा निवडायची अक्कल माझी नाहीच मुळी. ती तिथल्या कोळ्यांची. पश्चिम किनाऱ्यावरचे काही मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या मोसम बदलला की होड्या-जाळी घेऊन बेटाच्या दुसऱ्या बाजूला, पूर्व किनाऱ्यावर मुक्कामाला जात आलेत. त्यांना रेटिंग लागत नाही. त्यांच्यासाठी चुकीच्या महिन्यात चुकीचा किनारा म्हणजे जाळंच नव्हे, माणूसही जाणं. आपण चार दिवसांचे पाहुणे. निदान त्यांच्याइतका तरी समुद्राचा मान ठेवावा, एवढंच म्हणणं आहे.

लाल झेंडा आपल्यासाठीही असतो, हे त्यातच आलं.

जाता जाता: आज सकाळी त्या पोराचा मेसेज आला. "ऑफर गेली. बायको म्हणतेय दिवाळी घरीच करू. फेब्रुवारीत रजा मिळेल का बघतो. तिला पोहता येत नाही, मला थोडंफार येतं, सहा दिवस आहेत."

मी लिहिलं, "हां, आता विचार, कोणता बीच."